फळ्यावरचं दुसरं नाव

"काळा करकोचा. लिही," कर्णिक बाई म्हणाल्या.

मी खडू घेऊन फळ्यापुढे उभी होते. नांदवलीच्या पाणपक्षी अभयारण्याच्या चौकीवर, ओसरीत, तो फळा टांगलेला असायचा. रविवारी सकाळी आमच्या पक्षिनिरीक्षक मंडळातलं कोणी काही वेगळं पाहिलं, की पक्ष्याचं नाव, जागा आणि पाहणाऱ्या दोघांची नावं त्यावर लिहायची. माझं अक्षर बरं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलेलं. मी 'काळा करकोचा' लिहिलं, 'जुनं लपण' लिहिलं, 'प्रमिला कर्णिक' लिहिलं आणि सवयीनं विचारलं, "दुसरं नाव, बाई?"

"वत्सला कर्णिक."

खडू फळ्यावर टेकला तो तिथंच राहिला. मागे बाकावर मंडळी बशीतून चहा ओढत होती, ते फुरकेही थांबले. वत्सला कर्णिक म्हणजे बाईंची धाकटी बहीण, आमची सगळ्यांची वच्छीमावशी. ती आदल्या श्रावणात काविळीनं गेली होती.

"बाई," ओस्तवाल डॉक्टर हळूच म्हणाले, "वच्छीताई तर..."

"ती गेली हे मला ठाऊक आहे, डॉक्टर. माझ्या मांडीवर गेली. तुम्ही विचारलंत बरोबर कोण होतं, मी सांगितलं."

बाई पदर सावरून बाकावर बसल्या आणि हात पुढे करून चहाची वाट पाहू लागल्या. मी फळ्यावरची ती ओळ तशीच अर्धी सोडली. पुसायचा धीर मला नव्हता आणि पुरी करायचाही नव्हता.

आता हे दोन नावांचं प्रकरण सांगायला हवं. नियम बाईंचाच. बाई तालुक्याच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. मी त्यांची विद्यार्थिनी. पुढे मी ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं आणि गणवेशातून सुटले तरी बाईंच्या हाताखालून काही सुटले नाही. धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात लांबलांबचे पक्षी उतरतात आणि वसंतात परत जातात, ही गोष्ट गावाला बाईंनी दाखवली. त्याआधी आम्हाला बदक तेवढं ठाऊक. बाईंचं म्हणणं असं, की एकट्यानं पाहिलेला पक्षी हा पक्षी नव्हे, ती इच्छा असते. शेजारच्यानंही पाहिला तरच तो खरा. एकदा ओस्तवाल डॉक्टरांनी एकट्यानं मासेमार घार पाहिली आणि नाचत नाचत चौकीवर आले. बाईंनी विचारलं, दुसरं कोण? डॉक्टर म्हणाले, कोणी नाही. बाई म्हणाल्या, पुसा. अख्ख्या तालुक्याचे दात उपटणारा माणूस, पण निमूटपणे स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.

बाईंना कधी दुसऱ्या नावाची अडचण पडली नाही. वच्छीमावशी सदा बरोबर. दोघींची लग्नं झालेली नव्हती, पाटबंधाऱ्याच्या कॉलनीमागे दोन खोल्यांचं घर होतं आणि दर रविवारी उजाडता उजाडता दोघी बांधावरून जुन्या लपणाकडे निघायच्या. लपण म्हणजे पाण्याच्या काठावर झापांची एक अरुंद खोली. आत एक लांब फळी, समोर डोळ्यांच्या उंचीला फट. आत बोलायचं नाही. बांगड्यांना रुमाल बांधायचा, म्हणजे किणकिण होत नाही. पक्षी दिसला, की शेजारच्याच्या गुडघ्यावर बोटं आपटायची. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे समोर, तीनदा म्हणजे उजवीकडे. वच्छीमावशी फळीच्या डाव्या टोकाला बसायची. बसण्याआधी बाईंची दुर्बीण आपल्या पदरानं पुसायची आणि त्यांच्या गळ्यात घालायची. नवरदेवाला हार घालावा तसं, असं डॉक्टर चेष्टेनं म्हणायचे. बाई रागवायच्या, मावशी तोंडाला पदर लावून हसायची. स्वभावच तो. ती कधी कुणाशी चढ्या आवाजात बोलली नाही की कधी कुणाच्या मधे आली नाही.

तिच्या दहाव्याला मात्र कावळा शिवेना. आम्ही सगळे नदीकाठी उन्हात उभे. भाच्यानं, म्हणजे मुकुंदनं, पिंड ठेवला, हात जोडले, "आत्या, तुझं सगळं करू" म्हणून झालं, दर्भाचा कावळा करायची तयारी झाली. कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. तेव्हा बाई पुढे गेल्या, खाली वाकल्या आणि पिंडाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या. त्यांनी पाठ फिरवायचा अवकाश, कावळा उतरला. काय बोललात, असं त्यांना कोणी विचारलं नाही. विज्ञानाच्या बाईंना असलं विचारणार कोण?

तर त्या रविवारी बाईंनी गेलेल्या माणसाचं नाव साक्षीला दिलं आणि गोष्ट दुपारपर्यंत मुकुंदच्या कानावर गेली. तो पुण्याचा. दर पंधरवड्याला गाडी घेऊन यायचा, किराणा भरायचा, बाईंना चल म्हणायचा आणि हात हलवत परत जायचा. मुलगा वाईट नव्हता. डॉक्टरांच्या दवाखान्यात तो माझ्यासमोर रडवेला झाला होता.

"ती दोन कप चहा मांडते, शालनताई. मी म्हटलं, दुसरा कुणाचा? तर म्हणते, निवायच्या आत तूच पिऊन टाक. आता हे करकोच्याचं. तिला भास होतायत. उद्या बांधावरून पाण्यात गेली तर मी काय करू?"

"पण मुकुंदराव, बाईंना इथनं हलवलं तर त्या राहतील का?" मी म्हटलं.

"इथं तरी कोणासाठी राहते ती?"

तोड बाईंनीच काढली. डॉक्टर, मुकुंद आणि मी त्यांच्या घरी गेलो, तर म्हणाल्या, "परीक्षा घ्यायला आलात? घ्या. येत्या रविवारी शालन माझ्याबरोबर लपणात बसेल. तिचे डोळे सुईत दोरा ओवणारे आहेत. तिला काळा करकोचा दिसला, तर मी इथंच राहीन आणि मुकुंद पुन्हा विषय काढणार नाही. नाही दिसला, तर मुकुंद म्हणेल तिथं मी जाईन."

चैत्र लागलेला. थापटे बदकं गेली, चक्रवाक गेले, पाणी आटून काठाला चिखलाचे पापुद्रे धरले होते. काळा करकोचा आमच्याकडे ऐन थंडीतसुद्धा पाच-सात वर्षांतनं एखादा. तो पाडवा उलटल्यावर इथं बसून काय करणार? म्हणजे बाईंनी स्वतःच्या हातानं स्वतःची पाठवणी ठरवली, असं मला वाटलं. बाहेर पडल्यावर डॉक्टरांनी मला कोपऱ्यात घेतलं. "शालन, नाही दिसला तरी दिसला म्हण. काय बिघडतं? एका पक्ष्यानं एक म्हातारी आपल्या घरात राहते." पुढच्या वळणावर मुकुंदनं गाठलं. "ताई, जे असेल तेच सांगा. तुमच्या एका शब्दावर तिचा जीव आहे." इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, ब्लाउज शिवणारी.

रविवारी मी अंधुक उजेडात बाईंच्या दारात उभी राहिले. कडी वाजवायच्या आतच त्या म्हणाल्या, "ये शालन. चपला फरपटत चालायची सवय गेली नाही तुझी."

ओट्यावर दोन कप मांडलेले होते. बाईंनी चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून धरलं होतं, ते मी पाहिलं. वयानं हात कापतो म्हणून, असं समजले. दुसरा कप त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"खोटं बोलू नकोस हं," त्या एकदम म्हणाल्या. "डॉक्टरांनी शिकवलं असेल काहीबाही. वार्षिक परीक्षेला कॉपी करायचीस तेव्हाही मला कळायचं."

"तुम्ही कुठं धरलंत मला कधी?"

"धरलं नाही. कळायचं."

खुंटीवरची दुर्बीण त्यांनी स्वतःच काढून गळ्यात घातली. बांधावर माझा दंड धरला. चिखल आहे गं, म्हणाल्या. तिथं चिखल नव्हता, पण म्हातारं माणूस, धरला तर धरला. चालता चालता त्या कानांनी पक्षी टिपत होत्या. ही टिटवी, ही सुगरण, तो लांबचा नदी सुरय. त्यांचा कान साऱ्या तालुक्यात प्रसिद्ध होता. पण करकोच्याच्या बाबतीत कान कामाचा नाही. करकोच्याला गळाच नाही म्हणा ना. विणीच्या काळात काय बोलत असेल ते असेल, आपल्याकडे तो तोंड म्हणून उघडत नाही.

लपणात शिरताना बाई दाराशी थांबल्या. "तू मधे बस. मी इकडे दाराशी बसते."

"मधली जागा तुमची ना?"

"आज तुझी."

मी मधे बसले. उजव्या हाताला बाई, त्यांच्यापलीकडे दार. डाव्या हाताला फळीचं रिकामं टोक, त्यावर वाऱ्यानं आलेली धूळ, आणि त्यापुढे झापाची भिंत. मी बांगड्यांना रुमाल बांधला आणि फटीला डोळे लावले.

पाण्यावर हळूहळू रंग चढत गेला. टिबुकल्या बुडत होत्या, वर येत होत्या. शेकाटे आपल्या लाल काटक्या सांभाळत काठाकाठानं हिंडत होते. पाणकणसाच्या बेटातून जांभळ्या पाणकोंबड्या निघाल्या, हळदी-कुंकू बदकांची एक जोडी आली, माळभिंगऱ्या पाण्यावरून सपसप जाऊ लागल्या. समोर पाण्यात धरणाच्या वेळची एक वठलेली बाभूळ उभी आहे. तिच्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता. एरवी असल्या सकाळी मी देवाजवळ आणखी काही मागितलं नसतं. त्या दिवशी सगळे पक्षी मला परके वाटले. जो हवा तो नव्हता.

ऊन फटीतून आत आलं. बाई ताठ बसल्या होत्या, दुर्बीण दोन्ही हातांनी डोळ्यांशी धरून. मला त्यांचा कळवळा आला. चौकीवर मुकुंद गाडी लावून बसला असेल, बाईंचं हे घर, ही बाभूळ, हे सगळं दुपारपर्यंत संपेल, आणि संपवणारी मी. मी मनाशी ठरवून टाकलं, की दिसला म्हणायचं. बाईंना कळलं तर कळू दे.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर बोटं आपटली. दोनदा. समोर.

मी समोर पाहिलं. बाभळीवर पाणकावळा, खाली पाणी. काही नाही. मग गुडघ्यावर हात टेकला. आधी पालथा, आणि मग तोच हात उलटा होऊन उताणा. असली खूण आमच्यात नव्हती. मी म्हटलं, बाई थकल्या, हात टेकून बसतायत. आणि तेवढ्यात वठलेल्या बाभळीच्या मागून एक लाल पाय पुढे आला.

तो अगदी सावकाश निघाला. पाठ काळी कुळकुळीत, उन्हात हिरवी-जांभळी चमक मारणारी. पोट पांढरं स्वच्छ. लांब लाल चोच, लांब लाल पाय. पाण्यात एक पाऊल टाकायचा आणि विचार करत थांबायचा. काळा करकोचा. पुस्तकातल्या चित्रापलीकडे मी तो कधी पाहिला नव्हता, पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. बाई जिंकल्या होत्या. मी घाईनं उजवा हात पुढे करून बाईंच्या गुडघ्यावर दोन बोटं आपटली, समोर, आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं.

बाईंनी दुर्बीण समोर वळवली. दोन्ही हात दुर्बिणीला. आणि दुर्बिणीच्या दोन्ही काचांवर काळी झाकणं तशीच होती.

मी ती झाकणं बघत राहिले. झाकण लावलेल्या दुर्बिणीतून बाई टक लावून पाहत होत्या. कपाच्या काठावरचं बोट, बांधावर धरलेला दंड, माझ्या चपलांचा आवाज, सगळं एकापाठोपाठ एक माझ्यापुढे येऊन उभं राहिलं.

आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. बाई माझ्या उजवीकडे होत्या. बोटं आपटली होती डाव्या गुडघ्यावर.

मी डावीकडे पाहिलं. फळीचं रिकामं टोक. धूळ होती तशी होती. खोटं कशाला सांगू, मी फळीवरून बाईंकडे सरकले. उठून पळावं तर दाराशी बाई.

"दिसला?" बाईंनी कुजबुजत विचारलं. लपणात बाई बोलल्या, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"दिसला."

"मला बरं वाटावं म्हणून बोलत नाहीस?"

"नाही बाई. बाभळीपाशी आहे. अजून आहे." मी हात पुढे केला आणि त्यांच्या दुर्बिणीची झाकणं काढली. एक, मग दुसरं. त्या आवाजानं बाईंच्या लक्षात आलं. दुर्बीण हळूहळू मांडीवर आली.

"वच्छी काढायची," त्या म्हणाल्या. "पुसायची, झाकणं काढायची आणि मग गळ्यात घालायची. मी विसरतेच."

"कधीपासून दिसत नाही, बाई?"

"काचबिंदू. शाळेतलं शेवटचं वर्ष होतं तेव्हा सुरू झालं. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आता उजेड कुठला आणि अंधार कुठला, तेवढं कळतं. बांधाची वाट पायांना पाठ आहे."

"म्हणजे मंडळाची इतकी वर्षं..."

"पाहायची ती. नावं माझी. तिला नावं लक्षात राहायची नाहीत आणि मला पक्षी दिसायचे नाहीत. एकूण एक शहाणी बाई व्हायची आमच्या दोघींची मिळून." त्या जराशा हसल्या. मग माझा हात चाचपून धरला. "शालन, कुणी दाखवला तुला?"

मी फळीच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं.

"मी आपटली नाहीत बोटं. माझे दोन्ही हात इथं होते. सांग."

"डाव्या गुडघ्यावर, बाई. दोनदा." मी म्हणाले. "आणि मग हात टेकला. आधी पालथा. मग उताणा."

बाईंचा हात माझ्या हातावर गार पडला. बाहेर करकोचा पाण्यात चोच घालत होता.

"पालथा म्हणजे पाठ काळी," त्या म्हणाल्या. "उताणा म्हणजे पोट पांढरं. ही खूण आमच्या दोघींची. मंडळात कुणाला माहीत नाही. तुला कुणी शिकवली होती?"

"कुणी नाही."

"मला गेले सात महिने गुडघ्यावर तिचा हात लागतो. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, शालन. मला काय कळत नाही, एकट्या माणसाला असं होतं ते? म्हणून तर तुला मधे बसवलं. म्हटलं, माझ्या गुडघ्याचा भरवसा नाही, दुसरीचा गुडघा हवा." आणि बाई रडायला लागल्या. शाळेत आम्ही त्यांना दगड म्हणायचो. तो दगड दोन्ही हातांनी तोंड झाकून, आवाज न करता, लपणाचा नियम पाळून रडत होता.

मग डोळे पुसून म्हणाल्या, "दहाव्याला मी काय बोलले, माहीत आहे? म्हटलं, वच्छे, तुला एकटीला पाहू देणार नाही, दर रविवारी येईन. मी पुण्याला गेले तर ही कुणाला दाखवील? एकटीनं पाहिलेला पक्षी... माझाच नियम ना गं तो."

आता कुठं मला कळलं, की बाई पक्ष्यांसाठी राहिल्या नव्हत्या, घरासाठी नव्हत्या, आणि हट्टापायी तर नव्हत्याच.

"तुमच्या जागी मी येत जाईन," मी म्हणाले. तोंडातून गेलं.

"घाबरणार नाहीस?"

"घाबरेन की. आत्ताही पाय कापतायत."

"कापू देत. ती काही करत नाही. जिवंतपणी तरी कुठं काही करायची? गप्प बसायची आणि दाखवायची."

करकोच्यानं पंख उघडले, दोन-चार पावलं पाण्यावरून पळाला आणि उडाला. मी बाईंना सांगितलं, उत्तरेकडे गेला. बाईंनी त्या दिशेला तोंड केलं आणि पंखांचा आवाज संपेपर्यंत तसंच ठेवलं.

चौकीवर सगळे उभेच होते. मुकुंद गाडीला टेकलेला, त्याच्या चेहऱ्यावर रात्रभराचं जागरण.

"दिसला," मी म्हटलं.

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. "बघा! म्हणजे बाई इथंच! मुकुंदराव, शब्द म्हणजे शब्द."

"थांबा, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "शालनला दिसला. मला नाही दिसला. मला काही दिसत नाही, मुकुंद. बरीच वर्षं झाली. तुझं तोंडसुद्धा मला आठवतं ते तुझ्या मुंजीतलं."

मुकुंद त्यांच्याकडे बघतच राहिला. "अगं आत्या..." तो येऊन बाईंच्या पायाशी ओसरीच्या पायरीवर बसला.

"घरी जाऊन माझे कपडे भर. मी येते तुझ्याबरोबर."

"पण तू जिंकलीस ना?"

"जिंकले म्हणूनच येते."

याचा अर्थ त्याला लागला नाही, डॉक्टरांनाही नाही. डॉक्टर फळ्याकडे बघत म्हणाले, "मग करकोचा पुसायचा का? शालनचं एकच नाव होतंय."

मी खडू उचलला. गेल्या रविवारची ओळ तशीच होती. 'प्रमिला कर्णिक' पुसून तिथं माझं नाव लिहिलं, शालन वाघचौरे. त्यापुढे दुसरं नाव लिहिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि चष्मा काढून उगाच पुसत बसले. पुसा म्हणायचा अधिकार एकाच माणसाला होता.

"काय लिहिलंस गं?" बाईंनी विचारलं.

"वत्सला कर्णिक."

"नीट काढ अक्षर. तिला गिचमिड आवडायची नाही." आणि गळ्यातली दुर्बीण काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

पुढे नऊ वर्षं मी दर रविवारची सकाळ त्या लपणात काढली. नवरा म्हणायचा, दुकान बुडवून बदकं मोज. मोजली. मी मधे बसायची, दुर्बीण पुसून, झाकणं काढून. कधी काहीच व्हायचं नाही. कधी डाव्या गुडघ्यावर बोटं आपटायची आणि मी पाहीन तिथं पक्षी असायचा. भीती पहिल्या वर्षातच गेली. खरं सांगायचं तर, पुढे पुढे त्या हाताची वाट पाहायची सवय लागली. आठवडाभर लोकांच्या मापांत आणि तक्रारींत गेलेल्या जिवाला तेवढाच एक हात असा, की ज्याला माझ्याकडून काही नको होतं. संध्याकाळी पुण्याहून बाईंचा फोन यायचा. "काय दाखवलं आज?" मी रंग सांगायची, बाई नाव सांगायच्या.

नवव्या वर्षी फाल्गुनात एका रविवारी मी सकाळपासून उन्हं चढेपर्यंत बसून राहिले. समोर चक्रवाकांचा थवा परत निघायच्या तयारीत होता, बाभळीवर मासेमार घार येऊन बसली, पण माझ्या गुडघ्याला काही लागलं नाही. संध्याकाळी फोन वाजला, तो मुकुंदचा होता. बाई पहाटे झोपेतच गेल्या.

दहाव्याला मी पुण्याला गेले. पाटावर पिंड ठेवला आणि मुकुंद हात जोडून काही म्हणणार, तोच कावळा उतरला. भटजी म्हणाले, पुण्यवान बाई, मागे काही ठेवलं नाही. मुकुंद रडला. मीही रडले, पण माझं रडणं निराळं होतं. मला कळून चुकलं होतं, की आता मला कुणी काही दाखवणार नाही. आणि तसंच झालं.

मी अजून जाते. आता मधे बसत नाही, दाराशी कडेला बसते आणि डावीकडे दोन जागा सोडते. मागच्या चैत्रात बाभळीपाशी पुन्हा काळा करकोचा आला होता. मी एकटीनं पाहिला. फळ्यावर लिहिला नाही.